बदललं कोण? अणू, आयन आणि समस्थानिकांची गणितं सोडवायची रीत

मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) करून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या पोरांची पहिली दमछाक रसायनशास्त्रातच होते. पुस्तक इंग्रजीत, वर्गात इंग्रजी-कानडी मिसळून शिकवणं, आणि दुसराच धडा अणूच्या रचनेचा. व्याख्या पाठ होतात. पण ‘या आयनमध्ये इलेक्ट्रॉन किती?’ असं विचारलं की बेरीज करायची का वजाबाकी, इथेच पेन थांबतं.

माझ्या मते या धड्यात पाठ करण्यासारखं फार थोडं आहे. कुठलाही अणू म्हणजे तीन आकडे: प्रोटॉन किती, न्यूट्रॉन किती, इलेक्ट्रॉन किती. प्रश्न कसाही फिरवून घातला तरी त्याच्या पोटात एकच गोष्ट असते, की या तिघांपैकी बदललं कोण. इलेक्ट्रॉन कमी-जास्त झाले तर आयन. न्यूट्रॉन वेगळे असले तर समस्थानिक. प्रोटॉन बदलला तर मूलद्रव्यच दुसरं. खालची रीत याच तीन आकड्यांच्या मागे जाते. उदाहरणं शक्यतो शेतातली, फौंड्रीतली आणि आपल्या आसपासची घेतली आहेत.

आधी पसारा बघून घ्या

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन अणुकेंद्रात असतात, इलेक्ट्रॉन बाहेर. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १,८३६ व्या भागाएवढं, म्हणून वजनाच्या हिशोबात तो धरतच नाहीत. पण जागा सगळी त्याचीच. रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अणुकेंद्राची कल्पना मांडली, आणि तेव्हापासून आपल्याला माहीत आहे की अणूचा व्यास अणुकेंद्राच्या दहा हजार ते लाख पट असतो. अणुकेंद्र शाळूच्या चार मिलिमीटर दाण्याएवढं धरलं, तर अणूची हद्द चाळीस ते चारशे मीटर व्यासाची होते. मधलं सगळं रान मोकळं.

यातून एक कामाची गोष्ट निघते. दोन अणू एकमेकांजवळ आले की गाठ पडते ती बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. अणुकेंद्रं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. म्हणून चुलीवर, शेतात, प्रयोगशाळेत, साखर कारखान्यात जे काही रसायन घडतं ते इलेक्ट्रॉनांचंच. सराफाच्या मुशीत पाऱ्याचं सोनं होत नाही, याचं कारणही हेच: पाऱ्यात ८० प्रोटॉन, सोन्यात ७९, आणि तो एक प्रोटॉन काढण्याइतकी ऊर्जा कुठल्याही भट्टीत नाही. किमयागारांची शतकं त्या एका प्रोटॉनपायी गेली.

पहिली पायरी: प्रोटॉनवरून नाव

प्रश्न वाचताच पहिला शोध प्रोटॉनचा घ्या. हाच अणुक्रमांक, पीयूसीच्या पुस्तकातला ॲटॉमिक नंबर, झेड या अक्षराने लिहितात. ११ म्हणजे सोडियम, १७ म्हणजे क्लोरीन, २६ म्हणजे लोखंड. यात अपवाद नाही. मोस्ले यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांवरून दाखवून दिलं की आवर्तसारणीचा खरा क्रम वजनाचा नाही, या आकड्याचा आहे. त्यामुळे अरगॉन पोटॅशियमपेक्षा जड असूनही आधी का येतो, हे कोडं सुटलं. अरगॉन १८, पोटॅशियम १९. संपलं.

पहिली वीस मूलद्रव्यं क्रमाने तोंडपाठ हवीतच. पुढची लोखंड, तांबं, जस्त, ब्रोमीन, चांदी, आयोडीन, सोनं, शिसं, युरेनियम एवढी असली तरी पुष्कळ. एकूण ११८ आहेत, पण सगळी पाठ करण्याच्या भरीला पडू नका. परीक्षेत लागणारा अणुक्रमांक बहुतेक वेळा दिलेला असतो.

दुसरी पायरी: न्यूट्रॉन, आणि दशांशाचा सापळा

अणुवस्तुमानांक, म्हणजे ए, ही प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज. मग न्यूट्रॉन म्हणजे ए वजा झेड. चिन्हाच्या डावीकडे वर ए असतो, खाली झेड. सोडियम-२३ मध्ये २३ वजा ११, म्हणजे १२ न्यूट्रॉन.

इथे पोरं हमखास घसरतात ती अशी. आवर्तसारणीत क्लोरीनच्या घरात ३५.४५ लिहिलेलं दिसतं, त्यातून १७ वजा करून ‘१८.४५ न्यूट्रॉन’ असं उत्तर येतं. अर्धामुर्धा न्यूट्रॉन जगात नाही. सारणीतला दशांश आकडा सरासरीचा आहे. एका अणूचा नाही. ए नेहमी पूर्णांक असतो आणि तो प्रश्नात दिलेला असतो. दिलेला नसेल, तर न्यूट्रॉन सांगताच येणार नाहीत; तेव्हा प्रश्न पुन्हा वाचा, कुठेतरी आडून दिलेला सापडेल.

तिसरी पायरी: इलेक्ट्रॉन, आणि उलटं चिन्ह

भार नसेल तर इलेक्ट्रॉन प्रोटॉनइतकेच. भार असेल तर एकच सूत्र: इलेक्ट्रॉन म्हणजे झेड वजा भार, आणि भार त्याच्या चिन्हासकट घालायचा.

कॅल्शियम २+ : २० वजा २, उत्तर १८.
क्लोराइड १− : १७ वजा (वजा १), म्हणजे १७ अधिक १, उत्तर १८.

अधिक दिसलं की इलेक्ट्रॉन कमी करायचे, वजा दिसलं की वाढवायचे. हे उलटं वाटतं, कारण इलेक्ट्रॉनचा स्वतःचाच भार ऋण आहे. ऋणभाराची वस्तू घरातून गेली की घर धनभारित होतं. आणि एक लक्षात ठेवा: धनायन तयार होताना प्रोटॉन वाढत नाही. ‘एक अधिक भार म्हणजे एक प्रोटॉन जास्त’ असं लिहिलेलं मी उत्तरपत्रिकांत पुष्कळ वेळा पाहिलं आहे. तसं असतं तर सोडियमचा आयन मॅग्नेशियम होऊन बसला असता.

सल्फेटसारख्या अणुगटाचा हिशोबही असाच. गंधक १६, ऑक्सिजनचे चार अणू प्रत्येकी ८ म्हणजे ३२, मिळून ४८ प्रोटॉन. भार २−, म्हणून इलेक्ट्रॉन ५०. अणुगट दिसला की घाबरण्याचं कारण नाही, आधी प्रोटॉनांची बेरीज करा आणि मग भार बघा.

आता सल्फाइड २−, क्लोराइड १−, अरगॉन, पोटॅशियम १+ आणि कॅल्शियम २+ हे पाच घ्या. पाचहीत इलेक्ट्रॉन १८. यांना आयसोइलेक्ट्रॉनिक म्हणतात, आणि पीयूसीला आकाराच्या क्रमाचा प्रश्न यांच्यावरच येतो. उत्तर पाठ करू नका, प्रोटॉन मोजा: १६, १७, १८, १९, २०. बाहेरून आत ओढले जाणारे इलेक्ट्रॉन तेवढेच, पण आतून ओढणारा धनभार वाढत जातो. म्हणून सल्फाइड सर्वांत मोठा, कॅल्शियम सर्वांत लहान.

इलेक्ट्रॉनांची मांडणी पहिल्या वीस मूलद्रव्यांपुरती सोपी आहे. पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ८, उरलेले चौथ्यात. पोटॅशियम म्हणून २, ८, ८, १. तिसऱ्या कवचाची क्षमता १८ आहे हे आठवून काही जण २, ८, ९ लिहितात, ते चूक. विसाच्या पुढे मात्र कक्षकांच्या (ऑर्बिटलच्या) भाषेतच जा. लोखंडाच्या अणूत बाहेरची मांडणी ३डी मध्ये ६ आणि ४एस मध्ये २ अशी असते. आयन होताना आधी ४एस मधले दोन जातात. लोखंड २+ मध्ये २४ इलेक्ट्रॉन उरतात, ३+ मध्ये २३. भरताना ४एस आधी भरलं म्हणून ते शेवटी रिकामं होईल असं समजणं ही या भागातली सर्वांत महागडी चूक, सीईटीत गुण इथेच जातात.

हातात घेऊन बघा: मोरचूद आणि खिळा

आयनचा अणू होताना डोळ्यांनी बघायचा असेल तर मोरचुदाइतकं सोपं साधन नाही. अथणी भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या घरी तो असतोच. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. निळ्या खड्यात पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात.

काचेच्या जुन्या ग्लासात अर्धा ग्लास पाणी आणि चमचाभर मोरचूद घ्या. लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून लख्ख करा आणि अर्धा बुडेल असा सोडा. पाच-दहा मिनिटांत बुडलेल्या भागावर तांबूस थर दिसू लागतो. बराच वेळ ठेवला तर पाण्याचा निळा रंगही फिका पडतो. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका, हात धुवा, आणि ते पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका. मासे तांब्याच्या आयनला फार लवकर मरतात.

झालं काय ते वहीत आकड्यांनीच लिहा.

लोखंड + तांबे आयन (२+) → लोखंड आयन (२+) + तांबे

तांब्याच्या आयनमध्ये २९ प्रोटॉन आणि २७ इलेक्ट्रॉन होते. लोखंडाच्या अणूत २६ आणि २६. लोखंडाने दोन इलेक्ट्रॉन दिले, त्याचे झाले २६ आणि २४. तांब्याने घेतले, त्याचे झाले २९ आणि २९, म्हणजे धातूचा अणू, जो खिळ्यावर बसला. दोन्ही बाजूंना एकूण भार २+. प्रोटॉन कुणाचाच हलला नाही. सल्फेट नुसता उभा राहिला, म्हणून समीकरणात त्याला घेतलंच नाही.

बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करणारे शेतकरी हाच प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. एक टक्का मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. तयार झाल्यावर लखलखीत विळा त्यात बुडवून बघतात. पात्यावर तांबूस छटा आली तर मोकळा तांबे आयन शिल्लक आहे, पानं करपतील, चुना वाढवा. छटा नाही आली तर फवारायला हरकत नाही. आणि हे मिश्रण लोखंडी बॅरलमध्ये का करायचं नाही, ते वरचं समीकरण बघितलं की सांगावं लागत नाही.

उपपायरी: खताच्या पोत्यावरचं मूलद्रव्य

१०:२६:२६ या पोत्यात २६ टक्के पोटॅशियम असतं असं पुष्कळांना वाटतं. तो आकडा पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात धरलेला असतो, स्फुरदाचाही तसाच फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात. मूलद्रव्य काढायला पोटॅशच्या आकड्याला ०.८३ ने आणि स्फुरदाच्या आकड्याला ०.४३६ ने गुणा. पन्नास किलोच्या पोत्यात पोटॅश १३ किलो आणि स्फुरदही १३ किलो धरलेलं असतं, म्हणजे पोटॅशियम सुमारे १०.८ किलो, फॉस्फरस सुमारे ५.७ किलो. आणि हे पोटॅशियम आयन रूपात आहे. धातूरूपात असतं तर पहिल्या पावसात पोतं पेटलं असतं. एक इलेक्ट्रॉन गेल्याने केवढा फरक पडतो त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इलेक्ट्रॉनच्या पायऱ्या: उद्यमबागेपासून जमखंडीपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर स्पेक्ट्रोवर सॅम्पल कसं बघतात ते विचारा. रस ओतण्याआधी नमुन्याची चकती काढतात, घासून सपाट करतात, तिच्यावर विजेची ठिणगी पाडतात आणि थोड्याच वेळात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस किती टक्के ते पडद्यावर येतं. ठिणगीने इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातात, खाली येताना प्रकाश टाकतात. पायऱ्यांची उंची प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी, म्हणून प्रकाशाच्या रेषाही वेगळ्या. बोर यांनी १९१३ मध्ये हायड्रोजनच्या रेषांचा हिशोब याच पायऱ्यांवरून लावला.

या रेषांचा इतिहास आपल्या अंगणातून गेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात दुर्बीण आणि वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत त्यांना तीन ठळक रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. त्याच ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. नारिंगी रेषा आधी सोडियमची वाटली. पुढे इंग्रज शास्त्रज्ञ लॉक्यर यांच्या निरीक्षणांतून ती सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नाही हे ध्यानात आलं, आणि त्या अनोळखी मूलद्रव्याला हेलियम नाव मिळालं. पृथ्वीवर ते सापडलं १८९५ मध्ये, रॅमझी यांना.

चौथी पायरी: समस्थानिकांची सरासरी

प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे, म्हणजे समस्थानिक. हा शब्द सॉडी यांनी १९१३ मध्ये रूढ केला, न्यूट्रॉन स्वतः सापडला १९३२ मध्ये चॅडविक यांना.

क्लोरीन-३५ निसर्गात ७५.७७ टक्के, क्लोरीन-३७ उरलेले २४.२३ टक्के. खरी वस्तुमानं ३४.९७ आणि ३६.९७. प्रत्येकाला त्याच्या वाट्याने गुणा:

३४.९७ × ०.७५७७ = २६.५०
३६.९७ × ०.२४२३ = ८.९६

बेरीज ३५.४६ येते. सारणीत ३५.४५ आहे, हा फरक आपण मध्येच दोन दशांशांवर थांबलो म्हणून. गणित करण्याआधी मनात अंदाज बांधायची सवय लावा: ३५ वाला तीन चतुर्थांश आहे, म्हणजे सरासरी ३५ च्याच जवळ राहणार. उत्तर ३६.५ च्या आसपास आलं तर टक्के उलटे घातले आहेत हे तिथल्या तिथे कळतं.

उलटं गणित थोडं फसवं असतं. तांब्याची सरासरी ६३.५५, समस्थानिक ६३ आणि ६५, प्रमाण काढा. सरळ वस्तुमानांक घेतले तर ६५ वजा ६३.५५ भागिले २, म्हणजे तांबं-६३ चं प्रमाण ७२.५ टक्के येतं. खरं प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. खरी वस्तुमानं ६२.९३ आणि ६४.९३ घालून बघा: १.३८ भागिले २, म्हणजे ६९ टक्के. नुसत्या ०.०७ च्या फरकाने उत्तर साडेतीन टक्क्यांनी हललं. म्हणून प्रश्नात दशांशातली वस्तुमानं दिली असतील तर ती सोडून वस्तुमानांक वापरू नका.

समस्थानिक करतात काय

वर्गात सांगतात की समस्थानिकांचं रसायन सारखंच असतं. जवळजवळ सारखं असतं, असं म्हणणं जास्त बरोबर. जड समस्थानिक किंचित आळशी असतो, आणि याचा पुरावा आपल्या उसाच्या फडात उभा आहे. हवेतल्या कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो. भात, गहू यांसारखी सी-तीन गटातली झाडं कार्बन डायऑक्साइड घेताना हलका कार्बन-१२ जास्त उचलतात. ऊस, मका, ज्वारी सी-चार गटातली. त्यांची घेण्याची तऱ्हा वेगळी, ती इतकी निवड करत नाहीत. त्यामुळे खानापूरच्या तांदळातला कार्बन आणि चिकोडीच्या साखरेतला कार्बन यांत कार्बन-१३ चं प्रमाण वेगळं पडतं. शास्त्रज्ञ ते दर हजारी फरकात मोजतात: सी-तीन साधारण वजा २७, सी-चार साधारण वजा १२.

मधमाश्या बहुतेक सी-तीन झाडांवर फिरतात. मधात उसाच्या साखरेचा पाक मिसळला तर चव, रंग, घट्टपणा सगळं जमवता येतं, पण कार्बन-१३ चा आकडा सरकतो आणि भेसळ पकडली जाते. तांदळापासून केलेला पाक मिसळला तर मात्र ही चाचणी चकते. का, ते वरचाच परिच्छेद पुन्हा वाचून स्वतः सांगा.

पोटॅशच्या पोत्यात दुसरी गंमत. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं: १९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन, अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षं. पन्नास किलो म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पोटॅशियम साधारण २५ किलो, त्यात हे सुमारे तीन ग्रॅम. बहुतेक अणू फुटताना एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि अणू कॅल्शियम-४० बनतो. काहींत प्रोटॉन इलेक्ट्रॉन गिळतो आणि अरगॉन-४० तयार होतो. इथे मात्र नाव बदललं, कारण प्रोटॉन बदलला. घाबरायचं काही नाही, आपल्या अंगातल्या पोटॅशियममध्येही ते त्याच प्रमाणात आहे.

अणुकेंद्राचं काम मोठ्या प्रमाणावर बघायचं तर कारवार तालुक्यातलं कैगा अणुवीज केंद्र. काळी नदीकाठी २२० मेगावॅटचे चार संच, इंधन नैसर्गिक युरेनियम. त्यात सहज फुटणारा युरेनियम-२३५ फक्त ०.७२ टक्के, बाकी जवळजवळ सगळा २३८. दोघांतही ९२ प्रोटॉन. न्यूट्रॉन १४३ आणि १४६. एवढ्या थोड्या २३५ वर साखळी चालू ठेवायची तर न्यूट्रॉन वाया घालवून चालत नाही. साधा हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग कमी करतो, पण बरेच गिळतोही. ड्युटेरियम हा हायड्रोजनचाच जड समस्थानिक, त्यात आधीच एक न्यूट्रॉन आहे, तो आणखी क्वचितच घेतो. म्हणून तिथे ड्युटेरियमचं पाणी, म्हणजे जड पाणी लागतं. ते गोठतं ३.८ अंशांना, उकळतं १०१.४ ला, आणि साध्या पाण्यापेक्षा सुमारे अकरा टक्के जड असतं.

आता वहीत सोडवा

आधी स्वतः करा, उत्तरं लगेच खाली आहेत. प्रत्येकाला तीन रकाने पाडा.

१. बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात बॉक्साइटपासून अल्युमिना करतात. त्यातला ॲल्युमिनियम-२७ चा ३+ आयन आणि ऑक्साइड २− यांत इलेक्ट्रॉन किती?
२. २६ प्रोटॉन, ३० न्यूट्रॉन, २३ इलेक्ट्रॉन. कोण?
३. भार २−, इलेक्ट्रॉन १८, वस्तुमानांक ३४. कोण?
४. ब्रोमीनची सरासरी ७९.९०, समस्थानिकांची वस्तुमानं ७८.९२ आणि ८०.९२. हलक्याचं प्रमाण?
५. कैगासारख्या अणुभट्टीत युरेनियम-२३८ ने एक न्यूट्रॉन घेतला आणि पुढे दोनदा न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला. शेवटी काय उरलं?

पहिल्यात ॲल्युमिनियम १३ वजा ३, ऑक्साइड ८ अधिक २, दोन्हीकडे १०. दुसरा लोखंड-५६ चा ३+ आयन. तिसऱ्यात प्रोटॉन १८ वजा २ म्हणजे १६, गंधक-३४, न्यूट्रॉन १८. चौथ्यात १.०२ भागिले २, सुमारे ५१ टक्के. पाचव्यात आधी वस्तुमानांक २३९ झाला, मग प्रोटॉन ९२ वरून ९३ आणि ९४, वस्तुमानांक तोच. म्हणजे नेप्च्युनियममार्गे प्लुटोनियम-२३९, न्यूट्रॉन १४५. दुसरा चुकला असेल तर तिसऱ्या पायरीवर परत जा, चौथा चुकला असेल तर तांब्याचं गणित कागदावर पुन्हा करा.